नाण्यावरचं टिंब

मित्राने जुन्या बाजारातून नाणं टाकून चालणारा वजनकाटा आणला. पूर्वी थिएटरच्या दारात असायचा तसा. वर उभं राहायचं, नाणं टाकायचं, खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पर्सिव्हल एव्हरिटने १८८३ च्या सुमारास लंडनमध्ये नाणं घेऊन पोस्टकार्ड देणारं यंत्र काढलं. पुढे नाण्यावर चालणाऱ्या काट्याचं पेटंटही घेतलं. म्हणून मित्र या धुडाला 'एव्हरिटचा नातू' म्हणतो. टेम्पोतून उतरवताना नातवाच्या कपाळावरची काच खळ्ळकन फुटली.

रंगवलेली काच ती. तुकडे वर्तमानपत्रावर जुळवून आम्ही पेंटरकाकांना बोलावलं. दुकानांच्या काचांवर नावं लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. काच मागून रंगवायची, म्हणजे अक्षरं उलटी. काना डावीकडे, रंगांचा क्रमही उफराटा. पाटीवर आधी जमीन आणि मग अक्षर. इथे डोळ्याला सगळ्यात वर दिसणारी किनार पहिली, मग अक्षराचा रंग, मग सावली, आणि काळी जमीन शेवटी. जे पाटीवर शेवटी सुचलेलं चालतं, ते इथे आधीच ठरलेलं लागतं. (माझे लेख पाटीवाल्या जातीचे.)

काचेवर वाचता येत होतं : 'नाणें एक आणा टाका. वजन व भ...य पाहा.' मधला तुकडा गायब. मित्र म्हणाला, भविष्य. काका म्हणाले, भाग्य. जागा कमी आहे. भांडण चहापर्यंत गेलं. मग काकांनी भिंगातून 'भ'च्या तुकड्याची कड पाहिली. शिरोरेघेच्या वर, अगदी टोकाला, केसाएवढी सोनेरी कमान उरली होती. पहिल्या वेलांटीचा शेंडा. काका मुकाट्याने भविष्य लिहायला बसले.

ट्रेसिंग पेपर उलटा करून नक्षी उतरवली, तेव्हा माझी शंका : 'नाणें'वरचं टिंब काढायचं का? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेलेच की. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आणा खोडून रुपया लिहायला सांगितलं. आणे तर १ एप्रिल १९५७ ला दशमान आलं तेव्हाच हिशेबातून निघाले. मित्राने कातरलेल्या कडेची, बैलाचं चित्र असलेली एक आण्याची चार नाणी मुद्दाम विकत आणून ठेवलीत. टिंब राहिलं. त्यासाठी काकांनी वेगळा, दोन केसांचा ब्रश काढला आणि श्वास रोखला.

काच बसवली त्या संध्याकाळी मित्राची दहावीतली भाची आली. एक आणा टाकला, तिकीट काढलं, भविष्य वाचून हसली. मग मान वर करून म्हणाली, "मामा, 'नाणें'वर रंगाचा थेंब उडालाय. पुसून देऊ?"

काका चष्मा पुसत बसले.