अपडेट: रिअर रोटर ६.६, आणि खर्चाचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून

कॉम्प्रेशनचा कागद आला, मंडळी. मागच्या भागात जिच्यासाठी मी विसार द्यायला निघालो होतो, तीच लाल आरएक्स-८, मॅझ्दाची रोटरी इंजिनची गाडी. तिच्यात पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरतात, प्रत्येकाला तीन फेस (बाजू), म्हणून कागदावर दाबाचे सहा आकडे (किलो प्रति चौरस सेंटिमीटर). आकडे आधी देतो, रडगाणं नंतर. स्टार्टरने इंजिन फिरवण्याच्या (क्रँकिंगच्या) २५० आरपीएम वेगाला जुळवून घेतल्यावर फ्रंट रोटर ७.२, ७.०, ७.१. रिअर रोटर ६.६, ६.५, ६.८. मॅझ्दाची किमान मर्यादा ६.९. पुढचा काठावर पास, मागचा नापास.

डोकं फिरवणारी गोष्ट ही की मशीनवर आलेले मूळ आकडे हे नव्हतेच. ते होते ७.६, ७.४, ७.५ आणि ७.०, ६.९, ७.२. सहाच्या सहा फेस मर्यादेत, आणि तपासणाऱ्याने खाली मोठ्या अक्षरात 'ओके' लिहून सहीसुद्धा ठोकलेली. पण कोपऱ्यातल्या बारीक रकान्यात क्रँकिंगचा वेग आहे २७२, आणि मर्यादा दिलेली आहे २५० ला. स्टार्टर जितक्या जोरात फिरवेल तितका दाब गळायला वेळ कमी मिळतो आणि आकडा फुगतो. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगानुसार मर्यादा बदलणारा आलेख दिलाय तो याचसाठी. मालकाने या गाडीला हौसेने सुधारित, जास्त वेगाचा स्टार्टर बसवलाय. हॉट स्टार्टचा (गरम इंजिन पुन्हा सुरू करण्याचा) त्रास त्याने कमी होतो, त्यात वाद नाही. पण दमलेलं इंजिन झाकायलाही तोच कामी येतो. गरम गाडी पटकन सुरू झाली म्हणजे कॉम्प्रेशन चांगलं, हा आपला जुना ठोकताळा नवा स्टार्टर असलेल्या गाडीला लावू नका.

उंचीची पळवाटही पाहिली. समुद्रसपाटीपासून बरंच वर तपासणी केली तर हवा विरळ म्हणून आकडे कमी येतात आणि तेवढी सूट देता येते. ही तपासणी उंचावर झालेली नाही. सूट नाही.

विकणाऱ्याच्या जुन्या कागदाबद्दल काहींनी विचारलं होतं, ज्यावर दोन्ही रोटरसमोर एकेकच आकडा होता, ८.९. तो कागद मी बाजूला ठेवलाय. पिस्टन इंजिनच्या साध्या गेजमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, तो सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतो. रोटरला तीन फेस. दोन मेलेले आणि एक धडधाकट असला तरी काटा धडधाकटाचाच आकडा दाखवणार. व्हॉल्व्ह काढून काटा तीनदा सारखा उडतो का हे बघण्याची युक्ती मोठी पडझड पकडायला ठीक आहे, पण त्यातून आकडा काढता येत नाही. रोटरी टेस्टर तिन्ही फेस वेगळे नोंदवतो आणि सोबत वेगही देतो. इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, आणि कागदावर सहा आकडे अधिक आरपीएम. यातलं एक जरी नसेल तर तो कागद म्हणजे विकणाऱ्याचं मनोगत समजा.

आता निकालाकडे जरा शांतपणे बघू. फेसमधला फरक ०.३ च्या आसपास, मर्यादा १.५. दोन रोटरमधला फरक अर्ध्याच्या आसपास, मर्यादा १.०. म्हणजे कुठलंही एक अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटलेलं नाही. सगळं सारखं झिजलंय, किंवा कार्बनमुळे सील खाचेत अडकलीत. अशी गाडी उद्या रस्त्यात बसणार नाही. वर्षभर चालेल, कदाचित दोन वर्षं. आणि इथेच गाड्यांच्या खर्चाची तुलना करणारा माझा तक्ता अडकला: 'कदाचित दोन वर्षं' हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. या तक्त्यात मी पैसे लिहीत नाही, टाक्या लिहितो. एक टाकी म्हणजे ५० लिटर पेट्रोल. इंधनाचा भाव हलला की पेट्रोलच्या ओळी जागच्या जागी राहतात आणि बाकी सगळं तेवढं भागून घ्यायचं. तीन गाड्या: ही आरएक्स-८, एक टोयोटा जीटी८६ (पुढे नुसती ८६), एक निसान ३५०झेड. धावणं वर्षाला ८,००० किलोमीटर. कंपनीच्या एकत्रित आकड्यांनी आरएक्स-८ आणि ३५०झेड दोन्ही लिटरला पावणेनऊच्या आसपास, ८६ मॅन्युअल साधारण पावणेतेरा. म्हणजे पहिल्या दोघींना वर्षाला अठरा टाक्या, ८६ ला साडेबारा. खऱ्या रस्त्यावर सगळ्याच कमी देतात, आणि गर्दीत रोटरी जास्तच कमी, पण फरक साडेपाच-सहा टाक्यांच्या आसपास धरायला हरकत नाही.

रोटरी तज्ज्ञाकडून रिबिल्डचा (इंजिन उघडून पुन्हा बांधण्याचा) जो अंदाज मिळाला तो टाक्यांत बदलला तर पन्नासच्या जवळ जातो. तुमच्याकडची मजुरी वेगळी असेल, पण प्रमाण बघा. आठ-नऊ वर्षांचा अ‍ॅव्हरेजमधला फरक एका रिबिल्डमध्ये जातो. आणि आपण रात्र रात्र भांडतो कशावर? अ‍ॅव्हरेजवर. इथून पुढे मी इंधनाची ओळ तक्त्याच्या तळाला टाकली आहे.

राहिला प्रश्न त्या पन्नास टाक्यांचा. पहिला प्रयत्न सगळे करतात तोच: शक्यता काढून गुणायचं. चांगल्या कॉम्प्रेशनची दुसरी आरएक्स-८ घेतली, तीन वर्षांत इंजिन जाण्याची शक्यता तीनात एक धरली, तर वाट्याला साधारण सतरा टाक्या. कागदावर छान दिसतं. पण सतरा टाक्या कोणीच भरत नाही. मी एकतर शून्य भरणार किंवा पन्नास, आणि पन्नास भरायची वेळ आली की ते एकरकमी. विमा कंपनीकडे हजारो गाड्या असतात म्हणून तिला सरासरी परवडते. माझ्याकडे एकच असणार.

दुसरा प्रयत्न: कॉइलपासून सुरुवात. रेनेसिस (आरएक्स-८ चं इंजिन) मरतं त्यातला मोठा वाटा स्वस्त सुट्या भागांचा असतो. चार कॉइल, चार प्लग, दोन लीडिंग (आधी पेटणारे), दोन ट्रेलिंग (नंतर पेटणारे). कॉइल थकली की मिसफायर, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये), कॅट तापून वितळतो आणि तुंबतो, मग उष्णता बाहेर पडायला वाट नाही, आणि ती सीलवर येते. म्हणून कॉइल, प्लग, वायरचा पूर्ण संच मी बिघाडाच्या नाही, नियमित देखभालीच्या ओळीत टाकलाय, ऑइल फिल्टरच्या शेजारी. ऑइलही तसंच. ही गाडी ऑइल पिते कारण पंप ते मुद्दाम सीलवर सोडतो. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक, यात तक्रार कसली? प्रीमिक्स मी धरलंय, म्हणजे पेट्रोलमध्येच लिटरला पाचेक मिलि टू-स्ट्रोक ऑइल मिसळणं. त्याने आयुष्य वाढतं का यावर पुन्हा वाद नको. खर्च इतका किरकोळ आहे की वाद घालण्यात जास्त पेट्रोल जातं.

एक सूचना, पैसे वाचवणारी. पहिल्या सिरीजमधला कूलंटचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, आणि ऑइल प्रेशरचा काटा म्हणजे शोभेचा स्विच. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लागणारं छोटं यंत्र) लावून तापमानाचा खरा आकडा समोर ठेवा. सगळ्यात स्वस्त ब्लूटूथवाले डोंगल मला आवडत नाहीत, आकडा इतका उशिरा बदलतो की घाट चढून झाल्यावर तापमान कळतं. वायरवाला घ्या.

हे सगळं मांडूनही पन्नास टाक्या जागच्या हलल्या नाहीत. रिअर रोटर ६.६ च.

आणि मग हे लिहायला बसल्यावर उलटा विचार सुचला. इंजिन मेलंय असंच धरलं तर? म्हणजे या लाल गाडीची किंमत लावताना इंजिनची किंमत शून्य, नव्हे उणे पन्नास टाक्या. शरीर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सीट, मागे उघडणारी ती छोटी दारं, एवढ्यालाच पैसे. असं केलं की 'कदाचित दोन वर्षं' हा रकानाच उडतो. रिबिल्डची तारीख मी ठरवणार, इंजिन नाही. उलट ७.८ वाली 'निरोगी' गाडी घेतली तर विकणारा निरोगी इंजिनचे पैसे घेणार आणि पन्नास टाक्यांची तलवार माझ्या डोक्यावर राहणारच. ८.० च्या वरच्या गाडीच्या शोधात इतके दिवस होतो. आता वाटतंय, शोधायची ती नापास झालेली, बाकी सगळं स्वच्छ असलेली, आणि मालकाने ते मान्य केलेली गाडी.

पहिल्या मालकाच्या काळात काही देशांत इंजिनच्या मूळ भागाची वॉरंटी वाढवून मिळाली होती, अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांना ८ वर्षं किंवा १,००,००० मैल. त्या काळात इंजिन बदललं असेल तर आताचे आकडे कितव्या इंजिनचे हे विचारा. ओडोमीटर शरीराचं वय सांगतं.

पण थांबा, इथेही एक खिळा आहेच. पन्नास टाक्या हा अंदाज रोटर हाउसिंग (रोटर ज्यांच्या आत फिरतात ते कोश) पुन्हा वापरता येतील असं धरून आहे. आतलं क्रोम सोललेलं निघालं तर आकडा सत्तरच्या पुढे जातो. आणि रेनेसिसमध्ये आत डोकावणं सोपं नाही. आधीच्या आरएक्स-७ च्या १३बी इंजिनमध्ये एक्झॉस्ट पोर्ट हाउसिंगवरच आहे, मॅनिफोल्ड काढलं की अ‍ॅपेक्स सील समोर दिसतात. रेनेसिसमध्ये पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये गेले. एमिशनसाठी उत्तम, आपल्यासाठी कटकट. उरतात प्लगची भोकं. त्यातून पातळ बोरस्कोप (आत डोकावणारा कॅमेरा) घालून, इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत हाउसिंगच्या पृष्ठभागाचा काही भाग बघता येतो, सगळा नाही. चकाकता आरसा दिसला तर आशा, आडव्या लाटा किंवा सोललेले डाग दिसले तर सत्तर धरायचे.

३५०झेडबद्दल फार लिहीत नाही. तिचं व्हीक्यू३५ इंजिन इतर अनेक गाड्यांत आहे, त्यामुळे इंजिनचे सुटे भाग मिळण्याची चिंता सगळ्यात कमी. मात्र १८ इंची संचात पुढे २२५, मागे २४५, म्हणजे टायर पुढेमागे फिरवता येत नाहीत. त्यात पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) मूळ भागांवर अ‍ॅडजस्ट होत नाही, आणि मी पाहिलेल्या गाडीचे पुढचे टायर आतून करवतीसारखे झिजलेले. तारखेचा चार आकडी कोड वाचला तर रबरही म्हातारं. आरएक्स-८ ला चारही २२५/४५ आर१८, ८६ ला चारही २१५/४५ आर१७, दोघींत आलटून पालटून चालतं. टायरच्या ओळीत झेड हरली, आणि मला ती चालवताना जडही वाटली. बाद.

८६ मात्र अजून शर्यतीत आहे, आणि तिच्याबाबतीत एक छोटा विजय साजरा करू द्या. २०१३ ची गाडी, म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या रिकॉलच्या टप्प्यातली. त्या कामाला इंजिन उतरवावं लागतं, आणि काम झालेल्या काही गाड्यांत सीलंटचे तुकडे तेलाच्या जाळीत गेल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून मी नुसता 'रिकॉल झाला' या शब्दावर विसंबणार नव्हतो. मालकाने चक्क फाइल काढून दिली: रिकॉलचं काम, त्यानंतरच्या ऑइल बदलाच्या पावत्या, आणि प्लगही बदललेले. बॉक्सर इंजिनचे प्लग दोन्ही बाजूंना चासीकडे तोंड करून बसलेत, तिथे हात घालायचीच मजुरी जास्त. ती ओळ मी टिचकीसरशी खोडली. काम होऊन बराच पल्ला गाडी नीट चालली आहे, माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा पुरावा.

तर सध्याची स्थिती. ८६ ची तीन वर्षांची बेरीज आता जवळपास सरळ रेष आहे. लाल आरएक्स-८ ची बेरीज खरेदीच्या किमतीवर लटकली आहे. पन्नास टाक्या वजा करून दिली तर दोघी जवळजवळ समान येतात, आणि समान आल्या तर माझं मन कुठे जाणार हे तुम्हाला माहीतच आहे. सत्तर वजा कराव्या लागल्या तर मालक नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. त्याला कॉम्प्रेशनचा कागद आलेखासकट पाठवला आहे, प्रस्ताव अजून दिलेला नाही. आधी बोरस्कोप.

ज्यांनी रेनेसिस स्वतः उघडलंय त्यांना विनंती: प्लगच्या भोकातून दिसलेलं हाउसिंग आणि नंतर टेबलावर निघालेलं तेच हाउसिंग, असे जोडीने फोटो असतील तर टाका. ट्रेलिंगच्या भोकातून जास्त दिसतं की लीडिंगच्या, यावरही मला दोन परस्परविरोधी उत्तरं मिळाली आहेत.