शनिवारचा भोंगा

मूर, ओक्लाहोमा. शनिवार, मे महिना.

बाराला टॉर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. दर शनिवारी वाजतो, चाचणी असते. आभाळ भरून आलं असेल तर ती घेतच नाहीत, म्हणजे हा भोंगा ऐकू आला की आज काही नाही असं समजायचं. सगळं पाठ आहे. तरी कणकेतले हात थांबलेच.

२० मे २०१३ ला दुपारी २:४० ला इशारा आला आणि २:५६ ला टॉर्नेडो जमिनीला टेकला. आमच्या शहरात शिरायला त्याला आणखी थोडा वेळ लागला. मी बाथटबमध्ये, अंगावर गादी ओढून. वाऱ्याचा वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास होता, हे मागाहून वाचलं. तेव्हा फक्त कानांना दडे बसलेले कळले. बाहेर आले तर समोरच्या झाडाला गुलाबी कापूस लटकत होता, कुणाच्या तरी भिंतींच्या आत थंडी अडवायला भरलेला. २४ माणसं गेली. त्यात एकाच प्राथमिक शाळेतली ७ मुलं. माझी लेक दुसऱ्या शाळेत होती. हे वाक्य या गावात मोठ्याने बोलवत नाही.

अकराच दिवसांनी, ३१ मेला, ओक्लाहोमातल्याच एल रिनो गावाला पुन्हा टॉर्नेडो. तो तर चार किलोमीटर रुंद! घाबरून लोक गाड्या घेऊन निघाले आणि हायवेवरच अडकले. गाडी ही सगळ्यात वाईट जागा, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. आम्ही घरीच राहिलो. त्यात शहाणपण कसलं, पायच उचलेनात.

मग गराजच्या जमिनीत वादळात लपायचं लोखंडी शेल्टर बसवून घेतलं. नगरपालिकेकडे त्याची नोंद केली, घर वर कोसळलं तर कुठे उकरायचं ते त्यांना कळावं म्हणून. तो फॉर्म भरताना जसं वाटलं तसं भोंग्यानेही कधी वाटलं नाही.

आई म्हणते, श्रीवर्धनला निघून या. २०२० च्या निसर्ग वादळात तिच्याच वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. जूनचा वारा सुटला की ती स्वतः रात्री उठून कौलं बघते. मी काही बोलत नाही.

लेकीने काल कॉलेजजवळ खोली ठरवली. तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त होती, हिने तळमजल्याची घेतली. "उगाच जास्तीचं भाडं," हे म्हणाले. मी डिपॉझिटचे पैसे तेव्हाच पाठवून दिले.