पुण्याला गेलात तर पेशवे दप्तरही बघून या

पुण्याला येणारा माणूस शनिवारवाडा बघतो, पर्वती चढतो, लाल महालापुढे फोटो काढतो. पण त्या वाड्यातून ज्या कागदांवर राज्य चाललं, ते कागद कॅम्पाच्या बाजूला, कौन्सिल हॉलजवळच्या एका दगडी इमारतीत आहेत आणि तिकडे पर्यटक सहसा वळत नाही. मी या खेपेला पुण्यात उतरलो तो थेट तिकडेच गेलो. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार. लोक म्हणतात पेशवे दप्तर.

इमारत १८९१ सालची, खास दप्तर ठेवण्यासाठीच बांधलेली. बाहेर उन्हाचा कडाका होता, पण जाड भिंतींमुळे आत गारवा होता. मांडण्यांवर ओळीने रुमाल. रुमाल म्हणजे चौकोनी सुती फडकं. मधोमध कागदांचा गठ्ठा ठेवायचा आणि चारी टोकं आणून गाठ मारायची. पेशवाईत कागद असेच बांधून ठेवत आणि आजही ते तसेच बांधले जातात. अशा रुमालांची संख्या तीस हजारांच्या वर आहे. बहुतेक कागद मोडी लिपीत, बाकी इंग्रजीत आणि थोडे फारसीत.

हा साठा इथे जमला कसा, ते कळल्यावर मला त्या रुमालांकडे वेगळ्याच नजरेने बघावंसं वाटलं. पेशव्यांचं हुजूर दप्तर, म्हणजे त्यांच्या मुख्य कचेरीचे कागद, शिस्तीत लावलं ते नाना फडणिसांनी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती शिस्त मोडली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि वाड्यातले कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांना इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. हवा होता तो शेतसारा. देशभर हजारो गावं आणि जमिनी इनाम दिलेल्या, त्यांचा वसूल सरकारात येत नव्हता. मग १८४३ मध्ये इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पुरते अधिकार मिळाले. तुझ्या पणजोबाला ही जमीन कोणी दिली, केव्हा दिली, सनद दाखव. ज्याला दाखवता आली नाही, त्याचं इनाम खालसा, म्हणजे सरकारजमा. दावे पडताळायला सरकारला स्वतःच्या हाती पुरावा हवा होता, म्हणून पेशव्यांच्या कागदांत ठिकठिकाणची जुनी दप्तरं येऊन मिळाली. दक्षिण महाराष्ट्रात १८५७ च्या सुमारास जो असंतोष पेटला, त्यामागे या कमिशनचाही मोठा हात होता. लोकांच्या जमिनी काढून घेण्यासाठी गोळा केलेला हा पुरावा आज त्यांच्याच पणतवंडांना आपला हक्क सिद्ध करायला उपयोगी पडतो. या दप्तराच्या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

पुढे बराच काळ अभ्यासकाला हे दार सहज उघडत नव्हतं. म्हणून इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडून वाडे आणि माळे धुंडाळले आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. इथल्या रोजकीर्दींतून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्यांतून, गणेश चिमणाजी वाड यांनी निवडक उतारे काढले होते. त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशींवर निबंध लिहिला. मोठं काम झालं ते रियासतकार गो. स. सरदेसायांच्या हातून. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या या माणसाने १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पंचेचाळीस! तरी छापलं गेलं ते मूठभरच. बाकीचे कागद रुमालांत आहेत आणि वाचणाऱ्याची वाट बघत आहेत.

मला बघायची होती अशीच एक रोजकीर्द. तिच्यातले आकडे पुढे खातेवार लावले की त्याला घडणी म्हणतात. मोडी मी थोडीफार शिकलो आहे, पण छापील पुस्तकातली मोडी वेगळी आणि बोरूच्या लेखणीने भरभर लिहिलेली वेगळी. कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. शाईत बुडवलेला बोरू आधी जाड उमटतो, मग फिकट होत जातो आणि पुन्हा एकदम काळाभोर. त्या चढउतारावरून कारकुनाने बोरू कुठे बुडवला ते आजही दाखवता येतं.

पानाच्या माथ्यावर होतं, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’, आणि पुढे ‘छ २० रबिलावल’. हे शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांवर घालत ते वर्ष, अरबी शब्दांत लिहिलेलं. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं. इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरच्या कागदाला ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. हिशेब केला तर निघाला १७७१ च्या जुलैचा पहिला आठवडा. थोरले माधवराव तेव्हा हयात होते. आणि त्या पानावर ना लढाई, ना तह. जासूदजोडीची, म्हणजे निरोप नेणाऱ्या दोघांची, मजुरी, दिवाबत्तीचं तेल, घोड्यांची चंदी म्हणजे दाणा, कुणाला तरी दिलेलं कापड. राज्य खरं कसं चालत होतं ते मला त्या चार ओळींत दिसलं. पानिपतावर रात्रभर वाद घालणाऱ्यांनी एकदा तरी असं पान हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शाहू दप्तर, आंग्रे दप्तर, चिटणिशी, पुणे रेसिडेन्सीचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीचा, पत्रव्यवहार असे इथे कितीतरी विभाग आहेत. पण येणारे सगळे संशोधक नसतात. देवस्थानच्या इनामाचा वाद असलेला माणूस येतो, वतनाचा कागद शोधणारा येतो. कागद सापडला तर ठरलेलं शुल्क भरून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी मागणी आली. शाळांतून मोडी गेली तेव्हा आपण काय गमावलं, हे अनेकांना तेव्हा प्रथम उमगलं. माझ्या मते मोडी पुन्हा शाळेत यावी, निदान ऐच्छिक म्हणून तरी.

जाणार असाल तर थोडी तयारी करून जा. सोबत ओळखपत्र असू द्या, संशोधनासाठी असेल तर संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्रही. अर्जात ‘माझ्या गावचे जुने कागद’ एवढंच लिहिलंत तर कुणालाच मदत करता येणार नाही. गाव, तेव्हाचा परगणा (तालुक्यासारखा जुना विभाग), अंदाजे साल आणि घराण्याचं किंवा देवस्थानचं नाव द्या. परगणा ठाऊक नसेल तर आधी जुन्या गॅझेटियरमध्ये शोधा. कागद हाताळताना घाई नको. घडीवर तो आधीच विरलेला असतो. टिपणं पेन्सिलीने घ्या. कोल्हापूर संस्थानचे कागद हवे असतील तर पुण्याला येऊ नका, ते कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. मुंबई सरकारचे जुने कागद मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. आणि मोडी येत नसेल तर पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, त्याची जाहिरात आली की लगेच नाव घाला.