आमची वाटचाल : डोमेन तुमच्या नावावर

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं दुकान सुरू झालं ते लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांवर. वेबसाइटकडे ओढलं फाइन आर्ट्सच्या मुलांनी. सयाजीराव विद्यापीठातली ही फॅकल्टी १९५० पासूनची. दर वर्षी नवी बॅच बाहेर पडते आणि प्रत्येकाला आपलं काम दाखवायला जागा हवी असते.

आधी आम्ही शेअर्ड होस्टिंग (अनेक साइटींना मिळून सर्व्हरवर भाड्याची जागा) घेऊन वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) बसवून देत असू. पण प्लगइन म्हणजे जोड-सॉफ्टवेअर अपडेट करा, डेटाबेसचा बॅकअप घ्या, हे चित्रकाराच्या मागे कशाला? त्याला अधूनमधून चार चित्रं बदलायची असतात, बास. म्हणून साधी एचटीएमएल पानं करून गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या फुकट सेवांवर ठेवू लागलो. होस्टिंगचा खर्च शून्य. गिटहबवर साइटला १ जीबीची मर्यादा आहे, आणि ऑनलाइन दुकान तिथे चालत नाही. चित्रं थेट साइटवरून विकायची असतील, तर पैसे भरून होस्टिंग घ्या, असं आम्ही सरळ सांगतो.

खरा वेळ जातो फोटोंवर. अडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतला फोटो लहान करताना कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची फाइलमधली नोंद) गळालं, की शेंदरी रंग मातकट दिसतो. म्हणून आधी एसआरजीबी (वेबवर सर्रास चालणारी रंगपद्धत), मग वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-फॉरमॅट), आणि रंग बघायला चित्रकार शेजारच्या खुर्चीवर.

एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित (https) करणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे लावणारे अजून भेटतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५च्या डिसेंबरपासून सगळ्यांना फुकट सर्टिफिकेट देतंय, गिटहब आणि क्लाउडफ्लेअर या दोन्ही सेवांवर असं फुकट सर्टिफिकेट आपोआप बसतं आणि वेळच्या वेळी नवं होतं. मग बिल कसलं?

डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याच्या, बाबतीत मात्र आम्ही हट्टी झालो, ते एका शिल्पकार काकांमुळे. त्यांची साइट आधी दुसऱ्याने केलेली, डोमेनही त्यानेच स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. रिन्यूअलची पत्रं त्याच्याकडे जात राहिली आणि तो फोन उचलेना. काका आले तोवर त्यांचं डॉट कॉम नाव रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत संपलेलं नाव सोडवायच्या शेवटच्या टप्प्यात, गेलं होतं. ती मुदत ३० दिवसांची, पण नाव सोडवता येतं ते खातं ज्याचं त्यालाच. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही खुलं. "अहो, माझं नाव दुसऱ्याच्या नावावर कसं?" काका पुन्हापुन्हा विचारत होते. शेवटी त्यांना डॉट इन घेऊन दिलं.

तेव्हापासून डोमेन गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डावरून. आम्ही फक्त शेजारी बसतो. धंद्यातले मित्र म्हणतात, असं केलंस तर गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाईल. जाईल की! फाइलींची झिपही आम्हीच देऊ.

परवा एका इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलं, "दादा, साइट घरी रास्पबेरी पायवर ठेवली तर?" हा एक छोटासा, स्वस्त कॉम्प्युटर. शिकायला झकास. पण घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतच नाही, अनेक घरांत एकच वाटून दिलेला असतो, मग बाहेरून साइट उघडणार कशी? त्याला म्हटलं, आधी ब्रॉडबँड कंपनीला स्टॅटिक आयपीचा (न बदलणाऱ्या स्वतःच्या पत्त्याचा) दर विचार, मग ये.