धाकट्याची कडक भाकरी

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला नऊ वर्षे झाली, म्हणून आजार संपला असे आम्ही धरून चाललो होतो. पण सोलापूरच्या घरी धाकट्या भावाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी गिळताना घासागणिक पाणी लागू लागले, तेव्हा मी त्याची जुनी फाईल पुन्हा उघडली. प्रत्यारोपणात मिळालेल्या दात्याच्या पेशी पुढे रुग्णाच्या लाळग्रंथींवर (म्हणून तोंड कोरडे पडते), क्वचित फुप्फुसांतल्या सूक्ष्म श्वासनलिकांवरही हल्ला करू शकतात, आणि तिथले नुकसान सहसा भरून येत नाही. त्यामुळे दम लागणे अंगावर काढता येत नाही. प्रत्यारोपणाआधी संपूर्ण शरीराला दिलेल्या किरणोत्सर्गाने मोतीबिंदू पुष्कळांना होतो. त्याला तो चौतिसाव्या वर्षी झाला (शेजाऱ्यांनी दोष मोबाईलला दिला). त्याच किरणोत्सर्गाने मंदावलेली थायरॉईड ग्रंथी गोळीने आवरते. मला धास्ती या उपचारांमुळे पुढे नव्याने होऊ शकणाऱ्या कर्करोगाची आहे, म्हणून त्याचे तोंड आणि त्वचा दरवर्षी तपासून घेतो. भाकरी तो आता आमटीत कुस्करून खातो.