गाडी न घेता व्हँकूवर, आणि आईचा जुना पासपोर्ट

अलास्काच्या क्रूझआधी आम्हाला व्हँकूवरमध्ये जेमतेम दीड दिवस मिळणार होता. ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा, गाडी घे. आई सत्तरीची, तिचे गुडघे दुखतात, दोन मोठ्या बॅगा. गाडीशिवाय कशी फिरवणार तिला? मी कागदावर हिशोब मांडला. शुक्रवारी रात्री गाडी घ्यायची, रविवारी सकाळी परत करायची, मधल्या वेळात ती उभी करायला जागा शोधायची, आणि हे सगळं रस्त्याच्या उजव्या बाजूने, डोळ्यांवर झोप असताना. कागद फाडून टाकला.

अलास्काच्या इतक्या बोटी कॅनडातून का सुटतात, हा आईचा पहिला प्रश्न. अमेरिकेचा 1886 सालचा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करता येत नाही, मध्ये कुठेतरी परदेशी बंदर लागतंच. क्रूझची जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याची. "म्हणजे त्यांच्या भांडणात आपल्याला दोन व्हिसे," आई म्हणाली. खरंच होतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा आणि अलास्कासाठी अमेरिकेचा वेगळा. आईचा अमेरिकेचा व्हिसा तिच्या संपलेल्या पासपोर्टमध्ये होता. व्हिसाची मुदत शिल्लक असली तर तो चालतो, फक्त नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट दाखवावे लागतात. हे मी तिला निघण्यापूर्वी तीनदा सांगितलं होतं. पुढे कामाला येईल.

विमान शुक्रवारी संध्याकाळी उतरलं. बाहेर आलो तेव्हा आठ वाजत आले होते आणि लख्ख ऊन होतं. जूनमध्ये तिथे नऊनंतर सूर्य मावळतो. विमानतळावरूनच कॅनडा लाईन ही विनाचालक ट्रेन सुटते. 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर, 2009 मध्ये ती सुरू झाली. शेवटचं स्टेशन वॉटरफ्रंट, साधारण पंचवीस मिनिटं. बँकेचं कार्ड फाटकावर टेकवलं की आत, उतरताना पुन्हा टेकवायचं. पण एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. मी टेकवून आत गेले आणि आई फाटकापलीकडे राहिली. तिच्यासाठी मशीनवर कागदी तिकीट काढावं लागलं. विमानतळावरून निघताना भाड्यावर पाच डॉलर जादा पडतात, उलट जाताना पडत नाहीत. संध्याकाळी साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी भाड्यासाठी सगळं शहर एकाच झोनमध्ये धरतात, तेवढीच भरपाई.

हॉटेल मी मुद्दाम बंदरावर न घेता दोन स्टेशनं अलीकडे, येलटाऊनला घेतलं होतं. बंदरासमोरच्या खोलीतून बोट दिसते हे खरं, पण बोटीवर तर आपण चढणारच आहोत.

शनिवारी दोघींचे दिवसभराचे पास काढले आणि 19 नंबरच्या बसने स्टॅनली पार्कला गेलो. सुमारे चारशे हेक्टरांचं हे रान शहराला खेटून आहे, तीन बाजूंना पाणी. काठाने सीवॉल, म्हणजे दगडी बांधावरची पायवाट. पार्कभोवतीचा फेरा नऊ-दहा किलोमीटरचा. बांधकाम 1917 मध्ये सुरू झालं ते कित्येक दशकं चाललं. सायकली इथे एकाच दिशेने जातात, त्यामुळे मागे-पुढे बघत चालावं लागत नाही.

ब्रॉक्टन पॉइंटला रंगवलेले, कोरलेले उंच टोटेम खांब आहेत. त्यातले पहिले खांब इथले नव्हेत, 1920 च्या दशकात किनाऱ्यावरच्या दुसऱ्या मूळनिवासी जमातींच्या गावांमधून आणलेले. आणि ही जमीन ज्यांची, त्या मस्क्वीम, स्क्वामिश आणि स्लेवाटुथ लोकांची घरं मात्र पार्क करताना हटवली गेली. 2008 मध्ये तिथे या लोकांच्या, म्हणजे कोस्ट सॅलिश शैलीतल्या लाल देवदाराच्या तीन कोरीव कमानी उभारल्या, तेव्हा कुठे जागेवर तिच्या मालकांची खूण आली. आई त्या कमानींपाशी खांबांपेक्षा जास्त वेळ थांबली.

इथून परत फिरायला हवं होतं. पण समोर लायन्स गेट पूल दिसत होता आणि मी म्हटलं, "थोडंच पुढे." सीवॉलचा फसवा भाग हाच. पूल हाकेवर वाटतो आणि चालू लागलं की सरकत जातो. मध्येच बाहेर पडून बस धरावी म्हटलं तर बस वर, आपण खाली. पाण्यातल्या खडकावर एका बाईचा पुतळा आहे, तिच्यासमोर आईने बैठक मारली. "मी आता इथून हलत नाही. जलपरीपाशी बरं आहे."

"जलपरी नाही गं ती, पाण्यात बुडी मारणारी पाणबुडी बाई आहे. कपाळावर मुखवटा बघ."

आईने चष्मा नीट केला. "पायात बदकासारखं काहीतरी घातलंय. म्हणजे हिलाही चालता येत नसणार."

अर्ध्या तासाने आल्या वाटेनेच परत. पुलाखाली जायचं राहून गेलं.

गॅसटाऊनचं वाफेवरचं घड्याळ धावतं पाहिलं. दिसायला पुरातन, पण आहे 1977 चं. दर पंधरा मिनिटांनी शिट्टीवर सूर काढतं, माणसं फोटो काढतात, झालं.

दुपारी मात्र लॉटरी लागली. वॉटरफ्रंट स्टेशनातूनच सीबस ही प्रवासी बोट सुटते, पलीकडे लॉन्सडेलच्या धक्क्यापर्यंत बारा मिनिटं, आणि दिवसाचा पास त्यातही चालतो. बंदराच्या फेऱ्यांसाठी लोक वेगळे पैसे मोजतात. आम्ही बसच्या पासात पुढच्या काचेशी बसून सीप्लेन उडताना पाहिली, मागे कॅनडा प्लेसची पाच पांढरी शिडं पाहिली, आणि धक्क्याला लागलेलं दुसरं कुणाचं तरी जहाज पाहिलं. आईला इतकं आवडलं की पलीकडे चहा पिऊन परत आलो आणि पुन्हा एक फेरी केली. पायांना अजिबात काम नाही! तिकडून कॅपिलानोच्या झुलत्या पुलाला बस जाते, पण तो बेत तिथेच सोडून दिला.

संध्याकाळी येलटाऊनच्या धक्क्यावरून फॉल्स क्रीकमधली छोटी फेरी घेऊन ग्रॅनव्हिल आयलंड. बाथटबएवढी होडी, दहा-बारा माणसं. पास इथे चालत नाही, कारण या फेऱ्या खासगी आहेत. आमची चूक वेळेची झाली. तिथला बाजार सहाला बंद होतो आणि आम्ही साडेपाचला पोचलो. चेरी तेवढ्या मिळाल्या. जुना कारखान्यांचा भाग आहे हा. काँक्रीटचा कारखाना अजून चालू आहे आणि त्याच्या उंच टाक्यांवर चेहरे रंगवलेत. त्या चेहऱ्यांसमोर बसून चेरी संपवल्या.

रविवारी अकराची वेळ मिळाली होती. बॅगा ओढत ट्रेनने दोन स्टेशनं, लिफ्टने वर, आणि चार-पाच मिनिटं चालत कॅनडा प्लेस. 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही इमारत, तिच्या पोटातच बंदराचं टर्मिनल. आधी मोठ्या बॅगा द्यायच्या, त्यांवर केबिनचा टॅग हवा. मग सुरक्षा तपासणी, मग अमेरिकेचं इमिग्रेशन. हो, कॅनडाच्या जमिनीवरच. बोटीत पाय टाकण्याआधी कागदोपत्री अमेरिकेत.

हमालाने बॅगा गाडीवर टाकल्या. मी सवयीने विचारलं, "आई, दोन्ही पासपोर्ट?"

"नवा आहे पर्समध्ये."

"आणि जुना?"

"तो रद्द झालेला ना? मोठ्या बॅगेत टाकला. हातात कशाला ओझं?"

गाडी दहा पावलं पुढे गेली होती. मी ओरडले ते शुद्ध मराठीत, पण हमाल थांबला. त्याने न चिडता सगळ्यात खालची बॅग ओढून काढली. ओल्या फरशीवर बॅग उघडून साड्या, स्वेटर, औषधांचा डबा उपसला. पासपोर्ट डब्यात गोळ्यांच्या पट्ट्यांखाली निघाला. आमच्या मागच्या रांगेने सगळं पाहिलं. पुढे काउंटरवरच्या अधिकाऱ्याने जुना पासपोर्ट उघडला, व्हिसा पाहिला, नवा पाहिला, बोटांचे ठसे घेतले, दोन मिनिटांत सोडलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोंधळ मीच घातला होता.

संध्याकाळी बोट निघाली तेव्हा आम्ही डाव्या कठड्याशी उभ्या होतो. ब्रॉक्टन पॉइंटचं दीपगृह मागे पडलं, सीवॉल हळूहळू सरकू लागली. ज्या पुलापर्यंत आमचे पाय पोचले नाहीत, तो डोक्यावरून गेला, इतक्या जवळून की सगळ्यांनी माना वाकवल्या. आई मात्र मागे, खडकांकडे बघत होती. पाणबुडी दिसली, अजून तिथेच बसली होती, असं ती म्हणते. मला काही दिसली नाही.