मोतिया की राखाडी? तीन दिवस आणि एक आकाशी डबा

दिवाळीआधी हॉल रंगवून घ्यायचा होता. घासकाम, पुट्टी, प्रायमर आठवड्यात उरकलं. घोडं अडलं रंगावर. एक मोतिया, एक फिकट राखाडी. शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनांत फरकच कळेना. पेंटरमामा तंबाखू मळत म्हणाले, "दोन्ही पांढरंच की ओ ताई!"

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात दोन्हींचे छोटे नमुने मागितले. "लिटरच्या खाली काढत नाही." बरं, लिटर द्या. तर रंग मिसळायच्या मशीनवरचा माणूस जेवायला गेलेला. तो आला तर मशीनमधला काळा संपलेला. "उद्या या." उद्या गेले तर लाईट नाही. मी बाकड्यावर बसून पंखा सुरू व्हायची वाट बघतेय आणि इकडे घरी मामांची हजेरी चालू! तिसऱ्या दिवशी एकदाचे दोन डबे मिळाले. घरी आणून राखाडी उघडला, तर आत चक्क आकाशी. चिठ्ठीवर कोडचा एक आकडा चुकलेला. परत न्यावा तर उत्तर तयार, "मशीनवर काढलेला रंग परत घेत नाही." चूक त्यांची, भुर्दंड मला. चौथ्या दिवशी दुसरा डबा आणला, तोही पैसे मोजून.

म्हणून सांगते, दुकानातच झाकण उघडायला लावा. थेंबभर रंग झाकणावर लावून वाळू द्या आणि रस्त्यावरच्या उजेडात कार्डाशी ताडून बघा. ओला रंग फसवतो.

भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारले, दोन हात देऊन, मध्ये पांढरी जागा सोडून. आमची खिडकी उत्तरेची, ऊन येतच नाही. राखाडी दुपारी निळसर पडला आणि रात्री पांढऱ्या ट्यूबखाली तर दवाखान्याची भिंत. मोतियावर खालच्या लाल कोब्याची झाक येऊन तो किंचित गुलाबी दिसायचा, पण घर घरासारखं वाटायचं. सासूबाईंनीही तोच दाखवला.

हो, एक राहिलंच. काही कार्डांवर एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो ते सांगणारा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. आमच्या दोन्हींचा जवळपास सारखाच निघाला, म्हणजे राखाडीने खोली अंधारी होईल ही भीती फुकाची होती. हे आधी बघितलं असतं तर सासूबाईंशी एक वाद वाचला असता.

आकाशी डबा अजून माळ्यावर आहे. जाऊबाई देवघरासाठी मागतायत.